गच्चीसाठी वेताच्या खुर्च्या : खरा वेत घ्यावा की प्लॅस्टिकचा?

सोनचाफा
नमस्कार मंडळी. पुण्यात सिंहगड रस्त्याला नव्या घरात आलोय. बैठकीच्या खोलीला लागून गच्ची आहे. भिंतीलगतचा पट्टा वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली येतो, बाकी सगळी उघडी. बाजू पश्चिमेची, त्यामुळे दुपारनंतर ऊन थेट अंगावर आणि पावसाळ्यात झड पार आतपर्यंत. आई-बाबा आता कायमचे आमच्याकडे राहायला येताहेत. दोघांनाही संध्याकाळी बाहेर बसायची सवय आहे आणि ती इथेही चालू राहावी असं फार वाटतं.

दुकानं फिरले तर एक म्हणतो खरा वेत घ्या, वर्षानुवर्षं बघायला नको. दुसरा म्हणतो खरा वेत बाहेर ठेवायचं नावच काढू नका, प्लॅस्टिकचा विणलेला घ्या आणि नळीने धुवा. दोघेही आपापला माल विकताहेत, म्हणून इथे विचारतेय. ज्यांनी उघड्यावर वापरलंय त्यांनी सांगा, काय टिकलं, काय नाही आणि देखभाल खरंच किती करावी लागते? बाबांचे गुडघे दुखतात, खोल खुर्चीतून त्यांना उठता येत नाही, तेही बघायचंय.

निवांत
वाचतोय. आमचाही हाच प्रश्न, फक्त गच्चीऐवजी गॅलरी.

पागोळी
दापोलीहून लिहितेय. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तेव्हा या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे. खरा वेत पडवीत छान टिकतो, अंगणात नाही. सासऱ्यांनी घेतलेल्या वेताच्या आरामखुर्च्या अजून घट्ट आहेत. त्या पागोळ्यांपासून चांगल्या आत असतात आणि जूनमध्ये ओटीवर हलतात, परत दसऱ्याला बाहेर.

वेत भिजला आणि वाऱ्यावर सुकला तर त्याला काही होत नाही. सादळून कोपऱ्यात पडून राहिला की मात्र संपलं. आधी बुरशी धरते, मग सांध्यावरची गुंडाळी काळी पडते आणि सुटायला लागते. खुर्ची मोडते ती सांध्यातून, मधल्या दांड्यातून नाही. तेव्हा घेताना खुर्ची उलटी करून सांधे बघायचे. गुंडाळी सलग आणि घट्ट हवी. नुसता खिळा मारून वरून एक वेढा दिलेला असेल तर सोडून द्या.

वैदर्भीय
आता प्लॅस्टिकची बाजू, आणि ती फारशी गोड नाही. नागपूर. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो हे सांगायला नकोच. गच्चीवर प्लॅस्टिक वेताचा सोफा ठेवला होता. दुसऱ्या उन्हाळ्यात बसायच्या कडेच्या पट्ट्या पांढुरक्या झाल्या, तिसऱ्यात हात लावला की तुकडा पडायचा. विकताना 'ऑल वेदर' म्हणूनच विकला होता. दुकानाचं नाव घेत नाही, पण पक्क्या बिलावर पट्टी कशाची आहे याचा एक शब्द नव्हता.

रंधा
@वैदर्भीय, लक्षणांवरून ती पट्टी पीव्हीसीची असावी. प्लॅस्टिक वेत म्हणून दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक पीव्हीसी, ती स्वस्त असते आणि तिच्यातला मऊपणा उन्हात निघून जातो, मग ती कडक होऊन तडकते. दुसरी पॉलिइथिलीनची, म्हणजे एचडीपीई. तिच्यात अतिनील किरणांना रोखणारं द्रव्य आधीपासून मिसळलेलं असेल तर ती उन्हात बरीच वर्षं निभावते. बिलावर 'एचडीपीई, यूव्ही स्टॅबिलाइज्ड' असं लिहून मागायचं. लिहून द्यायला दुकानदार का-कू करू लागला की समजून जायचं.

दुसरी गोष्ट सांगाडा. विणीखाली तो दिसत नाही, आणि खरा घोळ तिथेच होतो. खिशात लोहचुंबक घेऊन जा आणि पायाला, पाठीला, सीटखालच्या आडव्या नळीला लावून बघा. चिकटला तर लोखंड, नाही चिकटला तर बहुधा अॅल्युमिनियम. लोखंडी नळीवर पावडर कोटिंग असलं तरी वेल्डिंगच्या जागी आणि खिळे-स्टेपल मारलेल्या जागी ते फुटतं, पाणी आत शिरतं आणि विणीतून तांबडे ओघळ फरशीवर यायला लागतात. उघड्या जागेसाठी पावडर कोटिंग केलेलं अॅल्युमिनियमच घ्या. पायांच्या तळाची रबरी टोपणं काढून नळीत पाणी साचत नाही ना, हेही पाहा. पाणी निचरायला बारीक भोक असलं तर उत्तम.

तिसरं, पट्टीचं एखादं टोक खालच्या बाजूने नखाने खरवडा. रंग आरपार तोच हवा. वरवरचा मुलामा असेल तर तो उन्हात उडणारच.

निवांत
लोहचुंबक! फ्रिजवरचा गणपती घेऊन निघालो.

पागोळी
रंधांना अनुमोदन, आणि खाऱ्या वाऱ्यात तर लोखंडाचा विचारही नको. मात्र अॅल्युमिनियम हलकं असतं हेही लक्षात ठेवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या आळीतल्या हलक्या खुर्च्या दोन-दोन वाड्या पलीकडून गोळा करून आणाव्या लागल्या. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी वादळाची सूचना आली की खुर्च्या आत घ्याव्यात, नाहीतर कठड्याला बांधाव्यात. खाली माणसं असतात.

गवतफूल
मला एक बोलायचंय, कुणी राग मानू नये. तडकलेल्या पट्ट्यांचं पुढे काय झालं? भंगारवाला नळ्या घेऊन जातो, वीण तिथेच कापून टाकतो. मी आमच्या सोसायटीच्या मागे तो ढीग बघितलाय, पावसाने त्याचा चुरा नाल्यात वाहून जातो. खरा वेत खराब झाला तरी मातीत मिसळतो. शिवाय त्याची वीण सुटली तर ती परत विणता येते. प्लॅस्टिकची एक पट्टी मधूनच तुटली तर जोडून देणारा माणूस शोधून दाखवा. आपण सगळे 'देखभाल नको' म्हणून ते घेतो, पण त्याचा अर्थ दुरुस्तीच नको असा होऊन बसतो.

वैदर्भीय
@गवतफूल, मुद्दा पटतो. पण नागपूरच्या उघड्या गच्चीवर खरा वेत ठेवला असता तर तोही मातीत मिसळायला निघालाच असता, थोडा लवकर.

गवतफूल
म्हणूनच उघड्यावर ठेवू नये, छपराखाली ठेवावा. उघड्यावर दगडी बाक, नाहीतर विटांचा कट्टा. आपल्याकडे पार आणि कट्टे का बांधले, आणि गोव्यात बाल्कांवला, म्हणजे घराच्या दारापुढच्या ओसरीला, बांधीव बाकच का असतात, याचा विचार करा ना.

मांडवीकाठ
गोव्यातून +१. आमच्या बाल्कांवच्या दोन्ही बाजूंना बांधीव बाक, आणि वेताची जाळी असलेल्या खुर्च्या आत सालात, म्हणजे दिवाणखान्यात. आजोबांच्या वेळची लांब हातांची आरामखुर्ची आहे, शिसवीची, सीट आणि पाठ वेताच्या सालीच्या जाळीने विणलेली. मधे सीट झोळीसारखी लोंबायला लागली तेव्हा आईने केलेला उपाय सांगते. खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने जाळीवर कढत पाण्यात भिजवलेलं फडकं चांगलं अर्धा तास अंथरून ठेवायचं. जाळी पुरती भिजू द्यायची, लाकडाला पाणी लागू द्यायचं नाही. मग सावलीत, वारा खेळत्या जागी रात्रभर सुकवायची आणि पूर्ण सुकेपर्यंत कुणीही बसायचं नाही. साल आक्रसते आणि जाळी पुन्हा ताणली जाते. वरच्या बाजूला सालीची चमक पाणी आत शिरू देत नाही, म्हणून भिजवायचं खालूनच. एखादी पट्टी तुटली असेल तर हा उपाय नाही, मग पुन्हा विणूनच घ्यावी.

निवांत
विणून कुठे घ्यायची? पूर्वी सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या विणायला अंध कारागीर असत, आमच्या वडिलांच्या ऑफिसात मी पाहिलेत. बोटांनी भोकं मोजत भराभर विणायचे. आता सगळीकडे प्लॅस्टिकची वायर.

मांडवीकाठ
अंधांसाठी काम करणाऱ्या काही संस्थांत हे अजून शिकवतात आणि खुर्च्याही विणून देतात. आपल्या शहरातल्या संस्थेला फोन करून विचारा. काम अतिशय नीटस असतं.

बांबूवन
आम्ही बुरुड. घरात तीन पिढ्या बांबूचं काम, सुपं, टोपल्या, डाली. वेत आणि बांबू लोक एकत्रच धरतात म्हणून लिहितो. बांबू हे गवत आहे, आतून पोकळ. वेत हा ताडाच्या कुळातला काटेरी वेल, आतून भरीव. म्हणून वेत तापवला की हवा तसा वळतो आणि वळवलेला राहतो. बांबू जाड असेल तर वळवायला फार जपावं लागतं, पण सरळ दांड्यात ताकद भरपूर. खुर्चीचा सांगाडा बांबूचा आणि बांधणी वेताच्या सालीची, ही जोडी मला सगळ्यात आवडते. बांधताना साल ओली असते, सुकली की आवळते. खिळ्याने तशी पकड येत नाही, उलट खिळ्याच्या भोकातून बांबू चिरत जातो.

पुण्यात बुरुड आळीत चक्कर मारा. तिथे मुख्य काम बांबूचं आहे, पण कारागिराशी थेट बोलता येईल. कुडाळला कॉनबॅक ही बांबूची संस्था आहे, मेळघाटात लवादा गावी बांबू केंद्र आहे, तिथेही बांबूची चांगली आसनं बनतात. एकच विचारा, बांबू कधी तोडला आणि मुरवला का? आमच्यात वद्य पक्षात, अमावास्येच्या जवळ तोडतात. भुंगा लागत नाही.

डोंगरवाट
@बांबूवन, बाकी सगळं मान्य, अमावास्येचं पटत नाही. भुंगा येतो तो बांबूतल्या स्टार्चसाठी. पावसाळा संपून थंडी पडली की बांबूत तो कमी असतो. तेव्हा ऋतू महत्त्वाचा, तिथी नाही.

बांबूवन
ऋतू आम्हीही पाळतोच. पावसाळ्यात कोंब फुटत असताना कुणी बेटात शिरत नाही. तिथी माझ्या आजोबांनी पाळली, वडिलांनी पाळली, मीही पाळतो. पण तोडल्यावर दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचं, हे अमावास्येला तोडलेल्या बांबूलाही चुकत नाही. ते तुमच्या स्टार्चचंच काम असणार.

डोंगरवाट
अगदी तेच. स्टार्च धुऊन निघतो. दोघांचं जमलं म्हणायचं.

ब्रह्मपुत्रेकाठी
यजमान फौजेत, सध्या आसामात आहोत. इथे वेत म्हणजे रोजच्या वापरातली वस्तू. 'जाती बेत' नावाचा वेत सगळ्यात चांगला समजतात, बारीक आणि चिवट. आमच्या मागच्या बाजूला एक कारागीर बसतात, त्यांचं काम मी तासन् तास बघते. वेत डिझेल-रॉकेलच्या मिश्रणात उकळून काढतात, मग लाकडाच्या भुशाने घासून उन्हात वाळवतात. त्याने आतली ओल आणि डिंक निघतो, कीड लागत नाही आणि रंग पिवळाधमक येतो. वळवताना ब्लोलॅम्पची ज्योत सतत फिरती ठेवतात, एका जागी क्षणभर जास्त थांबली की काळा डाग. दांडा गुडघ्याला टेकवून हळूहळू वाकवायचा, वाकला की ओल्या फडक्याने पुसायचा, आणि तो आकार कायमचा. नवीन खुर्चीला रॉकेलचा वास येत असेल तर घाबरू नका, काही दिवस वाऱ्यावर ठेवली की जातो.

सोनचाफाताई, वळणाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या किंवा चिरा आहेत का ते नक्की बघा. घाईत वाकवलेला दांडा तिथेच पुढे मोडतो.

रंधा
फार सुंदर माहिती, धन्यवाद. वेताच्या भावाचं म्हणाल तर इंडोनेशिया हा जगातला सगळ्यात मोठा उत्पादक, आणि त्यांनी २०१२ पासून कच्च्या वेताची निर्यात बंद केली. त्यामुळे बाहेरचा जाड वेत दुकानदार महाग सांगतात ते अगदीच खोटं नाही.

गॅलरीतला_गुलमोहर
मदत हवीय!! आमच्या वेताच्या टीपॉयखाली रोज सकाळी मैद्यासारखी बारीक पावडर दिसतेय. झाडून काढली तरी दुसऱ्या दिवशी परत. वाळवी आहे का?

बांबूवन
वाळवी नाही. वाळवी मातीचे बोगदे करते. हा भुंगा. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसतील. टीपॉय ताबडतोब बाकीच्या फर्निचरपासून लांब ठेवा.

रंधा
पॉलिश नसलेल्या किंवा पॉलिश घासून काढलेल्या वेताला बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं पाणी पाजतात, ते चांगलं लागू पडतं. मात्र वरून पॉलिशने बंद करायला हवं, नाहीतर पावसात धुऊन जातं. कापलेल्या टोकांना विसरू नका. किडा अंडी घालतो ती उघड्या छिद्रांत, आणि ती टोकाला सगळ्यात जास्त असतात. पोरं हात लावतील अशा ठिकाणी हे पाणी ठेवू नका.

उरणकर
मी निर्यातीच्या पॅकिंगमध्ये आहे, न्हावाशेवा. परदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्यांना कीड मारायला गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. औषध नाही, नुसती उष्णता. वैदर्भीयांच्या गच्चीवर काळ्या प्लॅस्टिकात गुंडाळून मे महिन्यात ठेवलं तर वेतही तेवढा तापेल असं वाटतं.

वैदर्भीय
पाठवून द्या. फुकट करून देतो, वर संत्र्याची बर्फी.

हडसनकाठ
न्यू जर्सीहून. इथे डेकवर हेच फर्निचर घरोघरी, जवळजवळ सगळं प्लॅस्टिक विणीचं. इथला त्रास उलटा, थंडीत पट्टी कडक होते आणि तेव्हा कुणी धपकन बसलं की तुटते. शिवाय नळीत साचलेलं पाणी गोठून फुगतं आणि नळी फाडतं. म्हणून ऑक्टोबरात सगळं धुऊन, सुकवून गराजमध्ये जातं. धुवायला कोमट पाणी, भांडी घासायचा सौम्य साबण आणि जुना दाताचा ब्रश, बस. जोराच्या फवाऱ्याचं मशीन दूर ठेवा, विणीत मळ आणखी खोल बसतो आणि पट्ट्या सैल होतात. खऱ्या वेताला तर ते मुळीच नको.

गाद्यांकडे दुर्लक्ष करू नका. साधा फोम पाणी धरून ठेवतो आणि खालची वीणही ओली राहते. बाहेरच्यासाठी मोठ्या छिद्रांचा, पाणी लगेच सोडणारा फोम मिळतो, तो घ्या, किंवा उशा रोज आत न्या.

चाळकरी
विषय थोडा सोडून, तो अंड्याच्या आकाराचा वेताचा झोपाळा कसा? बायकोचा फार आग्रह आहे. गॅलरीच्या छताला हुक मारून टांगावा म्हणतोय.

रंधा
थांबा. झोका घेताना हुकावर माणसाच्या वजनापेक्षा बराच जास्त ताण येतो. हुक आरसीसी स्लॅबमध्ये, योग्य अँकर फास्टनर घालून बसवलेला हवा, पीओपीच्या छताला चुकूनही नाही. आणि गॅलरी बाहेर काढलेली असेल तर वरचा स्लॅबही तसाच, एकाच बाजूने आधार असलेला असणार. सोसायटीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रिल लावू नका. स्टँडवरचा घेणार असाल तर तळ रुंद आणि जड हवा, आणि कठड्यापासून चांगला लांब ठेवा. लहान मुलं झोक्यावर उभी राहतात.

पागोळी
मूळ प्रश्नाकडे येऊ या. पॉलिशबद्दल कुणी लिहिलं नाही. लाखेचं पॉलिश बाहेर नको, पाण्याचा थेंब राहिला की पांढरा डाग पडतो. बाहेरच्यासाठी पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश लावून घ्या, पातळ हात, दोन-तीन, आणि पावसाळ्याआधी वेत खडखडीत कोरडा असताना.

डोंगरवाट
मी दर वर्षी जवसाचं तेल लावतो, बाजारात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं. वेत कोरडा पडून तडकत नाही.

पागोळी
पुण्याच्या हवेत ठीक. आमच्याकडे तेलावर बुरशी धरते.

रंधा
तेल लावणाऱ्यांनी एक काळजी घ्याच. त्या तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी मोकळी पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. कृपया हे हलक्यात घेऊ नका.

ब्रह्मपुत्रेकाठी
हे माहीत नव्हतं. बरं झालं लिहिलंत.

सोनचाफा
सगळ्यांचे मनापासून आभार, वहीत उतरवून घेतलंय. आता विचार असा आहे की स्लॅबखालच्या पट्ट्यात खऱ्या वेताच्या दोन खुर्च्या आई-बाबांसाठी. झड येते म्हणून जूनमध्ये त्या बैठकीत आणायच्या. उघड्या भागात गवतफूल म्हणतात तसा विटांचा कट्टा बांधता येईल का ते सोसायटीला विचारते, गच्चीवर किती वजन चालेल हे बघावं लागेल. परवानगी नाही मिळाली तर अॅल्युमिनियमवर एचडीपीईचं एक बाक. खुर्चीच्या उंचीचं मात्र कुणी सांगितलं नाही.

हडसनकाठ
माझ्या सासूबाईंसाठी हेच शोधलं होतं. गादी दाबली गेल्यावर सीट जमिनीपासून ४५ ते ४८ सेंटिमीटर राहायला हवी. दुकानात दिसतात ते खोल सोफे याहून बरेच बुटके असतात. सीट फार खोल नको, पाठ टेकून पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. हात पुढपर्यंत आलेले आणि भक्कम हवेत, कारण उठताना सगळा भार त्यांच्यावर पडतो. गोल पिंपासारख्या खुर्च्या दिसायला गोड, पण त्यांच्या हातांवर रेटा देता येत नाही.

बांबूवन
कारागिराकडूनच करून घेणार असाल तर बाबांना सोबत न्या. बसवून माप घेऊ द्या, त्यात दुकानातल्यापेक्षा जास्त काही जात नाही. आणि हाताच्या पुढच्या टोकाला खाली आधाराची काठी घालायला सांगा. रेटा तिथेच येतो.

सोनचाफा
हे उत्तम. रविवारीच नेते. आणि पावसाळ्यात बाक बाहेर राहिला तर ताडपत्रीने घट्ट बांधून ठेवू ना?

पागोळी
घट्ट नको. वरून झाका, खालून हातभर मोकळं सोडा, वारा खेळला पाहिजे. गच्च बांधलंत तर आत घाम धरतो. आणि उघडीप मिळेल तेव्हा काढून टाकत जा.

सोनचाफा
बरं. कट्ट्याचं काय होतं ते सोसायटीची मीटिंग झाली की लिहिते.

गवतफूल
लिहा नक्की. वजनाचं आधी इंजिनिअरकडून लिहून घ्या, मग मीटिंगला जा.